पोरगं झोपेत दात खातंय

गेल्या थंडीत साताऱ्याला बहिणीकडे मुक्कामाला होतो. भाचा दहावीला. त्याच्याच खोलीत खाली गादी टाकून मला झोपायला दिलं. दीडच्या सुमारास जाग आली ती एका आवाजानं. जात्यात खडा सापडावा आणि तो तसाच दळला जावा, तशी करकर. आठ-दहा सेकंद चालली, थांबली. पोरानं कूस बदलली, तोंड चघळल्यासारखं केलं आणि जरा वेळानं पुन्हा तेच. दिवा लावून पाहिलं. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू सुपारीएवढा वर यायचा, बसायचा, परत वर यायचा. पोरगं मात्र गाढ झोपलेलं.

सकाळी बहिणीला विचारलं. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "रोजचंच आहे रे दादा ते. बारका होता तेव्हापासून दात खातो. जंत असतील, दुसरं काय! पण शाळेत गोळी तर दिली होती."

महाराष्ट्रातल्या घराघरात हेच उत्तर मिळतं. मूल झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत. कोणी वावडिंग देतं, कोणी मेडिकलमधून औषध आणतं. शाळेतल्या गोळीचा मुद्दाही खरा आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. 10 फेब्रुवारीच्या सुमारास एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात आणि ती चावून खायची असते. गोळी द्यावी, जंत हे वेगळं आणि खरं दुखणं आहे. पण गोळी घेऊनही पोरं दात खातच राहतात. जंत आणि दात खाणं यांच्यात पक्का कार्यकारणसंबंध दाखवता आलेला नाही. ही समजूत रुजली कशी, याचा अंदाज करता येतो. बारीक जंतांचा त्रास रात्री वाढतो, गुदद्वाराशी खाज सुटते, झोप मोडते. ज्या वयात जंत जास्त, त्याच वयात दात खाणंही जास्त. आईला दोन्ही एकाच अंथरुणात दिसतात, मग ती दोन्हींची गाठ मारते. त्याही आधी हा दोष मुलांना झपाटणाऱ्या ग्रहांवर टाकलेला होता. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात बालग्रहांच्या लक्षणांत ओठ आणि दात चावणं सांगितलं आहे. ग्रहांपेक्षा जंत बरे म्हणायचे.

आपल्या भाषेत दात खाण्याला आणखी एक अर्थ आहे, रागाचा. माणूस दातओठ खातो, कुणावर दात धरतो. झोपेत दात खाणाऱ्या पोराला म्हणूनच कुणीतरी हमखास विचारतं, "एवढा कुणावर राग आहे रे तुझा?" विचारणारा चेष्टेत विचारतो, पण निम्मं बरोबर विचारतो.

वैद्यकात या सवयीला ब्रुक्सिझम म्हणतात. 1907 साली मारी पिएत्किएविच यांनी फ्रेंचमध्ये 'ब्रुक्सोमानी' असा शब्द वापरला, त्याची ही पुढची पिढी. मुळाशी दात करकरण्यासाठीचा ग्रीक शब्द आहे. पुढं बराच काळ दंतवैद्यांची समजूत अशी होती की वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासून घासून बसवायला बघतो. मग उपाय काय, तर उंच वाटणारा दात कानसून खाली आणायचा. या उपायात कित्येकांचे चांगले दात कापले गेले. आता ही उपपत्ती मागे पडली आहे. दात हे जात्याचे दगड आहेत, खुंटा मेंदूच्या हातात आहे. 2013 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली, तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट केल्या. झोपेतलं दात खाणं आणि जागेपणीचं दात आवळणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात हा आजार नसून स्नायूंचं एक वागणं आहे, त्यातून नुकसान होऊ शकतं किंवा होणारही नाही.

झोपेत काय होतं ते झोपेच्या प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. डोक्याला, छातीला, जबड्याला तारा लावून माणसाला झोपवतात. आपण समजतो तशी झोप सलग नसते. मेंदू मधूनमधून काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो आणि परत बुडतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. दात खाण्याचे बहुतेक झटके या काठावरच येतात, तेही हलक्या झोपेत. क्रमही ठरलेला. आधी शरीराला ताण-तयारीच्या अवस्थेत नेणारी मज्जासंस्था चाळवते, मग मेंदूच्या लहरी वेगावतात, हृदयाचे ठोके वाढतात, हनुवटीखालचे स्नायू हलतात आणि सगळ्यांत शेवटी गालातला चावण्याचा स्नायू आकसतो. आपल्या कानावर करकर येते तेव्हा आतलं नाटक संपत आलेलं असतं. जबड्याची अशी लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या साठेक टक्के लोकांतही कमी प्रमाणात आढळली आहे. दात खाणाऱ्यात ती वारंवार होते, जोरानं होते आणि दात एकमेकांवर घासले जातात.

हा जोर किती असतो? गालातला तो स्नायू, मॅसेटर, आकाराच्या मानानं शरीरातल्या अतिशय ताकदवान स्नायूंपैकी. जागेपणी दुखायला लागलं की आपण थांबतो. झोपेत तो लगाम सैल असतो, त्यामुळे काहींच्या बाबतीत जागेपणी मुद्दाम लावूनही येणार नाही एवढा जोर दाढांवर पडतो. दुसऱ्या बाजूला हिशेब असा की धडधाकट माणसाचे वरचे-खालचे दात चोवीस तासांत एकमेकांना खरोखर टेकतात ते जेवताना आणि गिळताना मिळून वीसेक मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले असले तरी आत दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. दात या वीस मिनिटांच्या कामासाठी घडवलेले आहेत.

लहानपणी दात खाणाऱ्या मुलांचं प्रमाण जगभरच्या पाहण्यांत साडेतीन टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत काहीही निघतं. इतका फरक का, तर बहुतेक पाहण्या आईवडिलांना विचारून केलेल्या असतात. मूल शेजारी झोपत असेल तर ऐकू येतं, दार लावून वेगळं झोपत असेल तर नाही. वय वाढेल तसं हे प्रमाण उतरतं, मोठ्यांत ते आठेक टक्क्यांवर येतं. म्हणून पाच-सहा वर्षांच्या पोराचं दात खाणं बहुतेक वेळा सोडून द्यावं. दुधाचे दात झिजतात, पडतात, नवे येतात. तेराव्या वर्षानंतर गोष्ट बदलते. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून तोंडातले सगळे दात कायमचे झालेले असतात. आता झिजलं ते झिजलं. दातावरचं कवच, एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनानं सुमारे 96 टक्के खनिज. पण तो घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. मोडलेलं हाड सांधतं, एनॅमल पुन्हा येत नाही. जाड असेल तिथंही ते अडीच मिलिमीटरच्या आसपास. ते गेलं की खालचं पिवळसर डेंटिन उघडं पडतं, ते मऊ असतं आणि झरझर झिजतं.

याच वयात मूल आईच्या कुशीतून उठून वेगळ्या खोलीत किंवा वसतिगृहात जातं. सातारा तर वसतिगृहांचाच जिल्हा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, 1961 मध्ये देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यातच सुरू झालं. अशा ठिकाणी दात खाण्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे शेजारच्या कॉटवरचा पोरगा. तो घरी कळवत नाही, टोपणनाव ठेवतो.

मला मात्र रात्रीपेक्षा दिवसाची काळजी जास्त वाटते. भाच्याकडे दिवसा मुद्दाम लक्ष ठेवलं. गणित सोडवत होता. ओठ मिटलेले, नजर वहीवर आणि गालाच्या कोपऱ्यात तोच सुपारीएवढा उंचवटा, या वेळी न हलणारा. गणित सुटलं, उंचवटा गेला. पुढचं गणित घेतलं, परत आला. नंतर मोबाइलवर गेम खेळताना तर तो उतरलाच नाही. दिवसा दात सहसा घासले जात नाहीत, फक्त आवळले जातात, म्हणून आवाज होत नाही आणि आई ओरडत नाही. पण रात्रीचे झटके सेकंदांचे असतात, दिवसाचं आवळणं तासांचं. मूठ आवळून दोन तास बसून पाहा, हाताचं काय होतं ते.

आणि या पोरांचा दिवस बघा. सांगलीत विश्रामबागला, साताऱ्यात, कराडात अभ्यासिकांमधून नीटची, जेईईची, पोलीस भरतीची पोरं बसलेली असतात. कोरेगाव, तासगाव, जतकडची पोरं पहाटेची एसटी धरून येतात. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, लवकर झोप येतच नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, बरं केलं. पण ज्यांना सकाळची झोप सर्वांत जास्त लागते, त्या नववी-दहावीच्या पोरांना त्यात धरलेलं नाही. मग पोरं जागी राहतात चहावर. हल्ली चहाच्या जोडीला वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटलीही असते. नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि लहान मुलांसाठी योग्य नाही अशी सूचना बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली असते. कॅफीन झोप मोडतं, मोडलेल्या झोपेत मेंदू वरचेवर काठावर येतो आणि त्या काठावर काय होतं ते वर सांगितलंच. वर ही पेयं आंबट. आम्लानं कवच मऊ पडतं आणि मऊ पडलेल्यावर घासणी बसते.

आमच्या भागाचं आणखी एक आहे. दातओठ खाऊन भिडणं हा इथं गुण समजला जातो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचं ब्राँझ आणलं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे, कारण घरटी माणूस फौजेत. अशा मुलखात आवळलेला जबडा दिसला की बाप खूश होतो, पोरगं जिद्दीचं आहे म्हणतो. त्यात हल्ली पोरांना 'जॉलाइन' हवी असते. चेहरा चौकोनी, जबडा धारदार दिसावा म्हणून कडक गम नाहीतर रबराचे गोळे तासन्‌तास चावायचे व्हिडिओ ती बघतात. ज्या स्नायूला विश्रांती द्यायची त्यालाच तालमीत घालायचं, असा हा प्रकार. दात आवळल्यानं वजन जास्त उचललं जातं की नाही ते व्यायामवाल्यांनी सांगावं, पण दाढ तडकते हे दंतवैद्याला विचारा. फौजेत जायची इच्छा असेल तर हेही लक्षात ठेवलेलं बरं की भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचेही गुण मोजतात, किमान 14 डेंटल पॉइंट लागतात. तडा जाऊन काढावी लागलेली दाढ त्या हिशेबातून जाते.

भाच्याला दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरीणबाई घाईच्या नव्हत्या. त्यांनी आधी बोटांनी कानासमोरचा सांधा आणि गालाचा स्नायू चाचपला, तोंड उघडायला लावलं. आरसा हातात देऊन त्याचा दात त्यालाच दाखवला. वरच्या सुळ्याचं टोक कानसल्यासारखं सपाट. खालच्या सुळ्यावरही तसाच चकचकीत सपाट डाग. "आता खालचा जबडा उजवीकडे सरकव," त्या म्हणाल्या. त्यानं सरकवला आणि ते दोन सपाट डाग एकमेकांवर अचूक बसले, कुलपात किल्ली बसावी तसे. पोरगं गप्पच झालं. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे होते, गालाच्या आत दातांच्या ओळीनं पांढरी रेघ होती. सकाळी कानशिलं दुखतात हे त्यानं तिथं पहिल्यांदा सांगितलं. आम्ही घरात ते चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं होतं. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन "कान स्वच्छ आहे" ऐकून परत येणारेही पुष्कळ असतात. आमच्याकडची खूण ऊस. ज्या पोरानं दोन कांडी दातानं सोलून खावीत, ते अर्ध्या कांड्यात जबडा दुखतो म्हणून ऊस ठेवून देत असेल, तर ते नखरे नव्हेत.

एक गोष्ट इथं वेगळी काढायलाच हवी. तोंड उघडत नाही, जबडा ताठरला, अशी तक्रार सांगली-सातारा पट्ट्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं केली तर आधी खिसे बघा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जातो. सुपारीनं गालाची आतली त्वचा निबर होत जाते आणि तोंड हळूहळू मिटत येतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल, तर ते दात खाणं नव्हे. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते, त्यात दिवस घालवू नयेत. घरात मिश्री लावायची सवय असेल तर तिनंही दात झिजतात, पण ती झीज वेगळ्या जागी असते आणि सरावलेल्या डोळ्याला ओळखू येते.

उपाय म्हटला की लोकांना नाइट गार्ड आठवतो, दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी. ती दात खाणं थांबवत नाही. पोरगं दातांऐवजी पट्टी खातं, दात वाचतात, एवढंच तिचं काम आणि तेवढं मोलाचं आहे. पण वाढत्या वयात जबडा वाढत असतो, दात सरकत असतात, अनेकांना तारा लावलेल्या असतात. म्हणून गरम पाण्यात मऊ करून चावायची ऑनलाइन पट्टी मागवू नये. दंतवैद्यानं माप घेऊन केलेली पट्टीही दर काही महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. आमच्या बाईंनी पट्टी लगेच दिलीच नाही. आधी विचारलं, "घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का? नाक चोंदतं का?" टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतील, झोपेत श्वास अडत असेल, तर आधी नाक-घशाचं बघावं लागतं. काही मुलांना छातीत आंबट वर येतं, तेही यामागे असू शकतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. तसं असेल तर गोळी मनानं बंद न करता लिहून देणाऱ्याला सांगायचं.

दिवसाच्या आवळण्यावरचा इलाज फुकट आहे आणि मला तोच पटला. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली. 'न' म्हणताना जीभ जिथं जाते ती जागा. भाच्यानं कंपासपेटीच्या झाकणावर, मोबाइलच्या मागे आणि टेबललॅम्पवर लाल टिकल्या चिकटवल्या. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी बावीस वेळा दात आवळलेले सापडले, असं तोच मोजून सांगत होता. त्याला स्वतःला धक्का बसला. रात्रीचा चहा सुटला, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला जाऊ लागला, झोपताना गालावर ओल्या गरम फडक्याचा शेक. कानशिलं दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं. करकर पूर्ण थांबली असं बहीण म्हणत नाही, कमी झाली म्हणते. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला त्या रात्री ती मुद्दाम त्याच्या दाराशी जाऊन ऐकत उभी राहिली होती.

ताण म्हणजे काय, हे या वयाच्या पोरांना शब्दांत सांगता येत नाही. 'टेन्शन आहे का' विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येणार. जबडा मात्र सांगत असतो. सांगण्याजोगं घरात कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

दाखवायला फार लांब जावं लागत नाही. सांगलीत भारती विद्यापीठाचं, जवळ कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं, कराडला कृष्णाचं, अशी दंत महाविद्यालयं आहेत. सरकारी रुग्णालयांतही दातांचा विभाग असतो. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायला सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं, त्यात दातही बघतात. पण शंभर पोरांच्या रांगेत एका पोराला मिळणार मिनिटभर, आणि रात्रीचा आवाज तोंडात बॅटरी मारून दिसत नाही. तो ऐकलेला असतो आईनं, आजीनं, शेजारच्या कॉटवरच्या मित्रानं. तेव्हा पथक यायच्या आदल्या दिवशी एक चिठ्ठी पोराच्या दप्तरात टाका: झोपेत दात खातो, सकाळी डोकं दुखतं.